मृत्यूच्या नोंदवहीतील शहर

शंभर वर्षांपूर्वीच्या मराठीत साथीच्या रोगांना अनेक घरगुती नावे होती. पटकी, देवी, मरी, गाठीचा ताप, मानमोडी हे शब्द तेव्हाच्या माणसाच्या तोंडी रोज असत. आज त्यांतील बरेचसे कोशांत आणि जुन्या आत्मचरित्रांतच भेटतात. एरव्ही भाषेतून एखादा शब्द मावळला की भाषेच्या अभ्यासकाला हळहळ वाटते. या शब्दांचे मावळणे मात्र गेल्या शतकाची फार मोठी कमाई होय. ती किती मोलाची आहे, हे कळण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शहरांतील मृत्यूच्या नोंदींकडे वळले पाहिजे. यासाठी मुंबईचे उदाहरण घेणे सोयीचे आहे, कारण तेथील आकडे तपशीलवार उपलब्ध आहेत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजेच प्लेगचे, निदान केले. त्यापुढील काही महिन्यांत लक्षावधी लोक शहर सोडून गेले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ वर आली. एरव्ही सदैव वाढत जाणारे हे शहर दहा वर्षांत आकसले. अधिकाऱ्यांनी गटारे धुतली, घरांना चुना फासला, छपरांची कौले काढून ऊन आत घेतले, सामान जाळले, रोग्यांना बळाने हलविले. त्या जुलमाची कथा पुण्याच्या १८९७ सालच्या इतिहासात सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी १० मार्च रोजी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. परंतु रोगाचे खरे वाहन कोणते, हे त्या वेळी राज्यकर्त्यांनाही उमगले नव्हते. उंदरावरील पिसू हा रोग पसरविते, असे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखविले. ते सर्वमान्य होण्यास १९०५ नंतरचे मुंबईतील संशोधन व्हावे लागले. तोवर माणसांना हुसकावले जात होते आणि उंदीर निर्वेधपणे घर बदलत होते.

प्लेगची धास्ती मोठी होती, पण एका तडाख्यात सर्वाधिक बळी घेतले ते १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाने. यालाच आपल्या लोकांनी मानमोडी म्हटले. जूनमध्ये मुंबईत आलेली पहिली लाट सौम्य होती; सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट भीषण ठरली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. सबंध हिंदुस्थानात या साथीने सव्वा कोटी माणसे नेली, असा तेव्हाचा अंदाज होता; पुढील अभ्यासकांनी तो आकडा पावणेदोन कोटींपर्यंत नेला आहे.

साथ सर्वांना सारखीच लेखते, असे आपण सहज म्हणून जातो. मुंबईचे आकडे तसे म्हणत नाहीत. या साथीत तेथील युरोपियनांमध्ये दर हजारी सुमारे ८ माणसे दगावली, पारशी समाजात ९, आणि सरकारी कागदांत ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले होते त्यांच्यात ६१ हून अधिक. हवा एकच, जंतू एकच. पण राहण्याची जागा, पोटातले अन्न आणि उशाशी बसणारे माणूस एक नव्हते.

हीच गोष्ट बालमृत्यूंच्या आकड्यांत अधिक उघडी पडते. १९२१ मध्ये मुंबईत एका खोलीत किंवा त्याहूनही कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत, नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे एक वर्षाच्या आतील ८२८ बालमृत्यू नोंदले गेले. दोन खोल्यांच्या घरांत हा आकडा ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार वा अधिक खोल्यांत १३३ होता. यातील पहिला आकडा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. गिरणीत राबणाऱ्या कितीतरी स्त्रिया बाळंतपणाला कोकणात किंवा देशावर जात. मुलाचा जन्म गावी होई आणि मृत्यू मुंबईच्या वहीत चढे. शिवाय चाळीतील अनेक जन्म नोंदवलेच जात नसत. म्हणून प्रत्यक्ष प्रमाण याहून काहीसे कमी असणार. तरीही खोल्यांची संख्या वाढते तसे मरण उतरते, हा क्रम नोंदीच्या चुकीने पुसला जात नाही. अंधारी खोली, मोरीलगतचे बिऱ्हाड, आईचे अर्धे पोट या गोष्टी नोंदवहीच्या ‘कारण’ या रकान्यात कधीच लिहिल्या गेल्या नाहीत. तेथे ताप, हगवण, श्वसनाचा विकार एवढेच लिहिले जाई.

या पार्श्वभूमीवर आपल्या इंदुरातील एका घटनेचे स्मरण उचित ठरेल. नगररचनेचे स्कॉटिश पंडित पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने येथे पाचारण केले होते. त्यांचा दोन खंडांतील अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरात प्लेगची दहशत असताना त्यांनी दंडुक्याऐवजी दिवाळीचा आश्रय घेतला. ज्या वस्त्या अधिक स्वच्छ, त्यांतून मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. घरोघर झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत सफाई कामगार नवे शुभ्र कपडे घालून, गळ्यात हार घेऊन मानाने चालले आणि शेवटी प्लेगच्या उंदराची प्रतिमा जाळण्यात आली. एका मिरवणुकीने रोगराई संपत नसते. पण सुमारे वीस वर्षांपूर्वी पुण्यात जे सोजिरांच्या पहाऱ्यात करू पाहिले गेले, ते येथे लोकांच्या हातांनी आणि त्यांच्या सणाच्या दिवशी घडले. ज्यांच्या श्रमावर शहर निरोगी राहते, त्यांना निदान एक दिवस तरी हार घातले गेले, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. याच अहवालाचा मोठा भाग गेडिस यांनी इंदुरातील नियोजित विद्यापीठाच्या विचाराला दिला आहे. मोरी आणि विद्यापीठ हे त्यांच्या लेखी एकाच शहराचे प्रश्न होते.

१९११ ते १९२१ या दशकात हिंदी माणसाचे सरासरी आयुर्मान अवघे २० वर्षांच्या आसपास होते. अर्भकांच्या मृत्यूंमुळे ती सरासरी एवढी खाली आली होती, हे खरे. पण जगलेल्या प्रत्येकाने घरातले कोणी ना कोणी पोहोचविले होते. आपले ग्रंथालय उभारणारी पिढी हीच. वर्गणीच्या आणा-दोन आण्यांतून त्यांनी जी कपाटे भरली, ती आपल्या हयातीपुरती नव्हती. आज शतकपूर्तीचा आनंद साजरा करताना त्या कपाटांसमोर क्षणभर उभे राहावे, आणि ज्यांची नावे केवळ मृत्यूच्या नोंदवहीत उरली, त्यांचेही स्मरण करावे, एवढीच विनंती.