कमी पाण्याची कॉफी

येमेनच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत शेत म्हणजे दगडी बांधाने तोलून धरलेली मातीची पट्टी. काही पट्ट्या इतक्या अरुंद, की झाडांची जेमतेम एक रांग मावावी. दीड-दोन हजार मीटरांवरचे हे कडे माणसांनी बांधावर बांध रचून पिकाखाली आणले. वसंतात आणि उन्हाळ्यात पडणारा पाऊस बांधांत जिरवायचा, उरलेला दगडी टाक्यांत साठवायचा आणि त्यावर वर्ष काढायचे.

येमेनी कॉफीचा स्वभाव घडला तो बराचसा या टंचाईतून. कोलंबियात फळाचा गर काढून बिया आंबवतात आणि भरपूर पाण्यात धुतात. ही चैन येमेनच्या शेतकऱ्याला कुठली? तो पिकलेली फळे जशीच्या तशी घराच्या धाब्यावर पसरतो, कडकडीत वाळवतो आणि मग भरडून टरफल वेगळे काढतो. गर बियांभोवतीच सुकत गेल्यामुळे कपात वाइनसारखा आंबूसपणा उतरतो, सुक्या मेव्याचा गोडवा येतो, कधी कोकोची आठवणही होते. दाणे मात्र लहान आणि वेडेवाकडे. आजच्या प्रतवारीच्या चाळणीत हा माल मार खाईल, पण जाणकार त्याच्यावर जीव टाकतात. उदैनी, दवैरी, तुफाही ही तिथल्या वाणांची नावे.

टरफलही वाया जात नाही. आले घालून ते उकळले की ‘किश्र’ तयार होते. रंगाने फिके, चवीला चहाच्या जवळचे. बी परदेशी विकायची आणि घरी टरफल उकळायचे, हा तिथला जुना हिशेब. निवडक हापूस पेटीत भरून मुंबईला धाडणाऱ्या आणि घरी डागी आंबा खाणाऱ्या कोकणी बागायतदाराला तो समजावून सांगावा लागणार नाही.

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाकडचे. पण कॉफी पिण्याचे पहिले भरवशाचे उल्लेख मिळतात ते पंधराव्या शतकातल्या येमेनी सूफींचे. रात्रभराच्या जपात डोळा लागू नये म्हणून ते ती घेत. तिथून ती मक्का, कैरो, इस्तंबूल अशी पसरली. 1511 मध्ये मक्केत तिच्यावर बंदी आली, ती फार टिकली नाही. 1538 मध्ये उस्मानी तुर्क येमेनमध्ये आले. शंभरेक वर्षांनी तिथल्या झैदी शिया इमामांनी त्यांना हाकलले. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जगाच्या बाजारातली जवळजवळ सगळी कॉफी याच डोंगरांतून जात होती.

ती जगाला ठाऊक झाली मोखा बंदराच्या नावाने, आणि मोख्यात तर कॉफीचे झाड उगवणे शक्यच नव्हते. तांबड्या समुद्राकाठचे ते रखरखीत गाव. खरा सौदा व्हायचा आत, बैत अल-फकीहच्या बाजारात. तिथे कैरोचे आणि तुर्की व्यापारी येत, गुजराती बनियांची सावकारी चाले; सुरतेची जहाजे कापड घेऊन मोख्याला लागत. 1616 मध्ये डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक मोख्याला पोचला. मराठी मुलखाचीही या वाटेवर ये-जा होती. शिवाजी महाराज आपल्या बंदरांतून दरसाल इराण, बसरा आणि मोख्याला व्यापारी गलबते पाठवतात, अशी नोंद 1660 च्या दशकातल्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रव्यवहारात आहे.

मक्तेदारी फुटली ती बियांच्या वाटेने. सूफी संत बाबा बुदन यांनी येमेनमधून सात बिया लपवून कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, ही कथा प्रसिद्धच आहे. कथांचा लाडका सात आकडा पाहता तिला दंतकथाच म्हणावे. डचांचे काम मात्र कागदोपत्री आहे. 1690 च्या दशकात त्यांनी मलबारातून रोपे जावाला नेली, 1706 मध्ये जावाचे एक रोप ॲम्स्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात पोचले आणि 1714 मध्ये त्याच्या वंशातले एक फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट गेले. फ्रेंचांनी तर थेट येमेनमधूनच बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियाँवर, रोपे नेली. 1720 च्या दशकात ॲम्स्टरडॅमच्या बाजारात जावाने मोख्याला मागे टाकले. आज ब्राझीलपासून केनियापर्यंत पिकणाऱ्या अरेबिकाचा फार मोठा हिस्सा येमेनमधून बाहेर पडलेल्या त्या मूठभर झाडांच्या वंशातला आहे.

1839 मध्ये इंग्रजांनी एडन घेतले आणि मोखा ओस पडत गेले. डोंगरातल्या कॉफीला खरा हादरा मात्र पुढे घरातूनच बसला, गातमुळे. या झुडपाची कोवळी पाने दुपारभर गालात धरून चघळायची, हा येमेनी पुरुषांचा नित्यनेम. गातची खुडणी वर्षातून अनेकदा होते आणि पैसे हातोहात मिळतात. कॉफीचे नवे झाड फळायलाच तीन-चार वर्षे घेते. शेतकऱ्याने गात निवडला, यात त्याचा काय दोष? शिवाय गातही तहानलेला. त्याच्यासाठी विहिरी खोल खोल जात राहिल्या.

उलट्या दिशेने जाणारा एक प्रयत्न हराजच्या डोंगरात झाला, आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. तिथल्या हुतैब इथे दाऊदी बोहरा समाजाचे तीर्थस्थान आहे. समाजाचे मुंबईत राहणारे तत्कालीन धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांनी तिथल्या अनुयायांना गात उपटून कॉफी लावायला प्रवृत्त केले.

2015 मध्ये येमेनमध्ये युद्ध भडकले तेव्हा मुख्तार अल-खनशली हा येमेनी वंशाचा अमेरिकन तरुण कॉफीचे नमुने घेऊन, विमानतळ बंद असल्याने, मोख्याहून लहानशा होडीने जिबूतीला निघाला. पुढच्या वर्षी त्याने आणलेली येमेनी कॉफी अमेरिकेत 16 डॉलरला एक कप या भावाने विकली गेली.