बेणं खाऊ नये

दीड वर्षापूर्वी ऑक्टोबरमध्ये मी स्वयंपाकघरातल्या टोपलीतले कोंब फुटलेले चार बटाटे उचलले, गच्चीवरच्या दोन ग्रो बॅगांमध्ये लावले आणि मोबाइलमध्ये नव्वद दिवसांनंतरचा रिमाइंडर टाकला. पानं त्याआधीच वळून पिवळी पडली होती. रिमाइंडर वाजल्यावर बॅगा उलट्या केल्या, तर आत गोट्या. एकूण वजन लावलेल्या बटाट्यांपेक्षा जेमतेम जास्त.

आजी शेजारी खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "खायचा बटाटा लावल्यावर असंच व्हायचं. बेणं आणावं लागतं, बाळा."

इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर 'बेणं' हा शब्द आम्ही मित्रांना प्रेमाने शिवी म्हणून वापरायचो. त्याचा मूळ अर्थ मला धडपणे माहीत नव्हता. ऊस, हळद, आलं, बटाटा अशा पिकांत बी पेरत नाहीत, झाडाचाच एक तुकडा लावतात. तो तुकडा म्हणजे बेणं.

म्हणजे बटाट्यातून उगवणारा बटाटा हे मूल नसतं, ती कॉपी असते. आणि कॉपीत मूळ फाइलमधले सगळे बग येतात. मावा नावाची बारीक कीड रोगट झाडाचा रस पिते, शेजारच्या निरोगी झाडावर जाऊन बसते आणि विषाणू पोचवते. तो पानांतून जमिनीखालच्या बटाट्यात उतरतो. तोच बटाटा पुन्हा लावला की नवं झाड रोग घेऊनच उगवतं. बटाटा खाणाऱ्याला त्याने काहीच होत नाही, पण पीक वर्षागणिक घटत जातं. शिवाय खायच्या बटाट्याला कोंब येऊ नयेत म्हणून शीतगृहात अनेकदा औषधाची धुरी दिलेली असते. माझ्या चार बटाट्यांना कोंब फुटले हेच नशीब.

मग पुढच्या ऑक्टोबरमध्ये मी बेणं आणायला बाजारात गेलो. दुकानदाराने विचारलं, "किती एकर?"

"दोन बॅगा," मी म्हणालो.

"पन्नास किलोच्या?"

"नाही, गच्चीवरच्या."

तो हसला. कट्टा फोडून देत नाही म्हणाला, पण नंतर फाटलेल्या एका गोणीतून दोन किलो काढून दिले. अंड्याएवढे, तीस-पन्नास ग्रॅमचे. गोणीवर जालंधरचा पत्ता होता. मंचर, खेडच्या बाजारात येणारं बरंचसं बेणं पंजाबातून येतं, हे मला तिथे कळलं. पुणे जिल्ह्यात शंभर वर्षांहून जास्त काळ बटाटा पिकतोय. मग बेणं दीड हजार किलोमीटरवरून का आणायचं?

शंभर वर्षांपूर्वी ते याहून लांबून यायचं. मुळात 'बटाटा' हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. तो मूळचा कॅरिबियन बेटांवरचा होता आणि तिथे त्याचा अर्थ होता रताळं. खुद्द बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. इंग्रजी अमदानीत पुण्याच्या बाजूला लागणारं बेणं बोटीने इटलीहूनही येई. १९०६च्या सुमारास अशाच इटालियन बेण्याबरोबर एक करडी पाकोळी मुंबई इलाख्यात उतरली. तिच्या अळ्या साठवलेल्या बटाट्यात बोगदे करतात. घरचं बेणं उन्हाळाभर राखणं आधीच अवघड होतं, आता ते आणखी अवघड झालं. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरल्ड मान आणि त्यांचे मराठी सहकारी पुढे या पिकाचा कसून अभ्यास करत होते, त्यामागे ही डोकेदुखीही होती.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न तोच राहिला. १९४९ साली पाटण्यात केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सुरू झाली आणि १९५६ साली ती सिमल्याला गेली. सिमल्याजवळचं कुफ्री हे गाव आपण बर्फाच्या फोटोंमुळे ओळखतो. पण 'कुफ्री ज्योती', 'कुफ्री चंद्रमुखी' ही बटाट्याच्या वाणांची नावं तिथलीच. उन्हाळ्यात तिथला दिवस मोठा असतो, त्यामुळे बटाट्याला फुलं येतात आणि संकर करता येतो. हवा थंड असल्याने मावाही कमी. म्हणूनच चांगलं बेणं डोंगरातच होतं, असं तेव्हा धरून चालत. पण डोंगरात जमीन किती असणार? अख्ख्या देशाचं बेणं तिथे पिकवणं शक्यच नव्हतं.

पुष्करनाथ या वैज्ञानिकाने १९५०च्या दशकाच्या अखेरीस यावर जो तोडगा काढला, तो वाचताना मला फार आनंद झाला. त्यात नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. आहे ते फक्त कॅलेंडर. उत्तरेच्या मैदानात मावा वर्षभर सारखा नसतो. ऑक्टोबर ते डिसेंबर तो नगण्य असतो आणि जानेवारीत वाढत जातो. मग निरोगी बेणं ऑक्टोबरमध्ये लावायचं आणि पानांवरचा मावा मोजत राहायचं. शंभर पानांमागे वीस किडे दिसू लागले की झाडाचा हिरवा पाला सरळ कापून टाकायचा. विषाणू पानांतून खाली उतरण्याआधीच रस्ता बंद! बटाटे दोन आठवडे जमिनीतच ठेवून साल पक्की होऊ द्यायची, मग काढून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत शीतगृहात ठेवायचे. पीक थोडं लहान मिळतं, पण निरोगी मिळतं. या पद्धतीमुळे मैदानात बेणं तयार होऊ लागलं आणि पंजाब देशाचा बेण्याचा मळा झाला. आपल्याकडे थंडीही कमी आणि ती मोकळी खिडकीही नाही. म्हणून गोणीवर जालंधर.

हे सगळं मी आजीला उत्साहाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मी त्या दोन किलोतला जरा मोठा बटाटा उचलून गमतीने म्हणालो, "याची काचऱ्याची भाजी करू का?" तशी ती एकदम म्हणाली, "बेणं खाऊ नये."

आवाज नेहमीचा नव्हता. मी विषय सोडला, पण वाक्य डोक्यात राहिलं आणि त्याच्या मागे मी आयर्लंडपर्यंत पोचलो.

१८४५ साली आयर्लंडमध्ये जवळपास तीस लाख गरीब माणसं फक्त बटाट्यावर जगत होती. त्यांच्या तुकड्यांत मुख्यतः 'लंपर' नावाचा एकच वाण होता, म्हणजे एकाच झाडाच्या लाखो कॉपी. त्या वर्षी करपा आला. एक झाड ज्याला बळी पडतं, त्याला सगळीच पडतात. पहिल्या वर्षी पिकाचा मोठा हिस्सा गेला, १८४६ साली जवळपास सगळंच गेलं. सरकारने लोकांना रस्ते बांधायला, खडी फोडायला लावलं. मजुरीत पोट भरत नव्हतं. धान्य मात्र देशाबाहेर जातच होतं, कारण ते विकत घेण्याचे पैसे या लोकांकडे नव्हते.

त्या हिवाळ्यात लोकांनी बेणं खाल्लं.

पुढे जे झालं ते मला कित्येक दिवस सोडेना. १८४७ साली करपा जवळजवळ आलाच नाही. लावलेलं पीक उत्तम आलं. पण १८४५ साली जिथे सुमारे वीस लाख एकरांवर बटाटा होता, तिथे १८४७ साली तो तीन लाख एकरांच्या आत होता. लावायला बेणंच उरलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात रोज तीस लाखांच्या आसपास माणसं सरकारी सूपवर जगली. १८४८ साली लोकांनी कसंबसं जमवून पुन्हा लावण केली आणि करपा परत आला. एकूण दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली.

याच्या उलट टोकाची गोष्ट लेनिनग्राडची. १९४१ साली जर्मन सैन्याने शहराला वेढा घातला, तो ८७२ दिवस चालला. तिथल्या वनस्पती संस्थेत जगभरातून, अगदी अँडीजमधूनही आणलेल्या बटाट्याच्या वाणांचा संग्रह होता. अब्राम कामेराझ आणि ओल्गा वोस्क्रेसेन्स्काया यांनी तोफा चालू असताना शेतातून ते बटाटे काढून शहरात आणले. तळघरात ते गोठू नयेत म्हणून वोस्क्रेसेन्स्काया आणि वादिम लेखनोविच यांनी मिळेल ते लाकूड जाळून हिवाळा काढला. स्वतः उपाशी होते, पण एकही बटाटा खाल्ला नाही. त्याच संस्थेत भाताचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इव्हानोव्ह तांदळाच्या पाकिटांमध्ये बसून भुकेने मेले.

ही दुसरी गोष्ट मी आजीला सांगितली. वाटलं, तिला आवडेल. तिने विचारलं, "त्यांना पोरं होती का?"

मला माहीत नव्हतं.

मग ती बोलली. १९७२. खेडच्या पूर्वेला कोरडवाहू जमीन. पावसाळ्यात लावायचं म्हणून उसन्या पैशांनी आणलेल्या बेण्याच्या तीन गोण्या घरात. पाऊस आलाच नाही. मोठा मामा दोन वर्षांचा. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथे सुकडी मिळायची, पण सासू-सासरे घरी होते. "एक दिवस सासूबाईंनी गोणीचं तोंड उसवलं. कोणी कोणाला काही म्हणालं नाही. चार चार बटाटे उकडायचे. शेवटची गोणी संपली त्या रात्री तुझे आजोबा जेवले नाहीत." ते कर्ज फिटायला सहा वर्षं लागली. शेताचा एक तुकडाही गेला.

आयर्लंडबद्दल वाचताना मनात कुठेतरी मी 'त्यांनी बेणं राखायला हवं होतं' असं म्हणत होतो. लेनिनग्राडच्या माणसांसमोर तर मी मनातल्या मनात हात जोडले होते. आता वाटतं, ते शास्त्रज्ञ थोर होतेच, पण त्यांच्या मोजपट्टीने उपाशी घर मोजायचं नसतं. बेणं राखायचं की खायचं, हा निवाडा शेतकऱ्याच्या चुलीपुढे येऊन पडतो, तोवर बाकीच्या सगळ्यांनी आपापलं काम चुकवलेलं असतं.

या जानेवारीत बॅगा उलट्या केल्या. वरून दोनदा मातीची भर दिली होती, त्यामुळे एकही बटाटा उन्हाने हिरवा पडला नव्हता. साडेसहा किलो निघाले. आईने लगेच कुकर लावला. आजीने ढिगातून अंड्याएवढे पाच निवडले आणि पदरात घेतले.

मी म्हणालो, "आजी, आपल्याकडचे ठेवून उपयोग नाही. मावा असतो. पुढच्या वर्षी नवंच आणावं लागेल."

"मला माहितीये," ती म्हणाली. "आम्हीपण विकतच आणायचो. पण घरात बेणं असावं."