कोंबडीची पिले : रात्रीचे संरक्षण

परसातील कुक्कुटपालनात पिले अंड्यातून बाहेर पडल्यापासून साधारण आठ आठवड्यांची होईपर्यंत रात्री हिंडणाऱ्या शिकारी प्राण्यांपासून त्यांचा बचाव करण्याची व्यवस्था. खुराड्याची बांधणी, तिन्हीसांजेला पिले आत घेण्याची शिस्त, उंदीर-घुशींचा बंदोबस्त आणि हल्ल्यानंतरची खबरदारी या सगळ्यांचा तीत समावेश होतो. महाराष्ट्रात दहा-वीस कोंबड्या बाळगणे हे बहुतेक घरांत बाईचे काम असते आणि त्यातून येणारा पैसाही बहुधा तिच्याच हाती राहतो. म्हणून एका रात्रीत फस्त झालेली पिले म्हणजे तिच्या हक्काच्या मिळकतीवरचा घाला असतो, आणि हा विषय किरकोळ समजण्याचे कारण नाही.

कोंबडी हा पूर्णपणे दिवसाचा पक्षी आहे. तिची नजर उजेडात रंग टिपण्यासाठी घडलेली असून अंधारात तिला फारच थोडे दिसते. रात्री धरलेली कोंबडी धडपडण्याऐवजी बऱ्याचदा निपचित राहते. तिचा पूर्वज असलेला लाल रानकोंबडा दिवस मावळला की झाडाच्या फांदीवर चढतो. उंची हेच त्याचे रात्रीचे संरक्षण. पिलांना मात्र सुरुवातीचे काही आठवडे फांदी गाठता येत नाही. त्या काळात रानकोंबडी त्यांना पंखांखाली घेऊन जमिनीवरच रात्र काढते. रानातसुद्धा पक्ष्याच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ हाच, आणि खुराडे मुख्यतः याच काळासाठी लागते.

शिकाऱ्याला एक पिलू पुरत असताना सकाळी दहा मेलेली सापडतात, याचे कारणही अंधारातच आहे. प्राणिवर्तनशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी १९७२ मध्ये अशा गरजेबाहेरच्या शिकारीवर महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील कुरव पक्ष्यांच्या वसाहतीत कोल्हे गडद अंधाऱ्या रात्री कितीतरी पक्षी मारून टाकून देत, कारण त्या रात्री पक्षी उडून जात नसत. भक्ष्य पळत नाही तोवर शिकाऱ्याची झडप थांबत नाही. बंद खुराड्यात एकदा शिरलेल्या रानमांजराच्या बाबतीत तेच घडते. म्हणून शिरकाव झाल्यावर नुकसान कमी कसे करायचे याचा विचार जवळपास निरर्थक ठरतो. सगळी मेहनत शिरकावाआधी करावी लागते.

सकाळी पिले मेलेली दिसली की गावात पहिले नाव मुंगसाचे निघते. हा बहुधा अन्याय असतो. मुंगूस, घोरपड आणि धामण हे दिवसा वावरणारे प्राणी असून घार, शिक्रा व कावळा हेही दिवसाचेच शत्रू. रात्रीचे गुन्हेगार वेगळे: रानमांजर, वाघाटी, जवादी मांजर, उदमांजर, कोल्हा, भटकी कुत्री व मांजरे, मोठी घुबडे, नाग, अजगर आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे घूस व उंदीर. मागे राहिलेल्या खुणा नीट पाहिल्यास चोर ओळखता येतो. एकही पीस न सांडता पिले कमी झाली असतील तर साप किंवा उंदीर. उंदराने नेलेल्या पिलांचे अवशेष बिळाच्या तोंडाशी किंवा अडगळीखाली सापडतात, आणि वाचलेल्या पिलांच्या पायांना कुरतडल्याच्या जखमा दिसतात. मान-डोके चावलेली कलेवरे जवादी किंवा मांजराच्या कुळाकडे बोट दाखवतात. कुत्री मात्र पक्षी फाडून, न खाताच सोडून जातात. खूण न ओळखता केलेला उपाय वाया जातो, कारण कुत्र्याला अडवणारे कुंपण नागाला दिसतही नाही.

जुन्या पद्धतीत खुडूक कोंबडी पिलांसह बांबूच्या डालग्याखाली झाकून वर दगड ठेवत आणि डालगे ओसरीत किंवा पडवीत माणसांच्या जवळ घेत. देशावर ओट्याच्या पोटातच खुराडे काढून त्याच्या तोंडाशी फळी लावण्याची रीतही आहे. या दोन्ही पद्धतींची खरी ताकद माणसांच्या वावरात होती. घरापासून दूर, गोठ्यामागे नेलेले डालगे कुत्रा सहज उलथवतो.

जुन्या पद्धतीनंतर पिलांच्या बाबतीतही बदल झाला. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींच्या कोंबड्यांत खुडूक होण्याची प्रवृत्ती कमी असते, त्यामुळे त्यांची पिले यंत्रात उबवली जातात. महाराष्ट्राच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत एक दिवसाची पिले किंवा आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगा (वाढत्या वयाच्या कोंबड्या) दिल्या जातात. एक दिवसाची पिले घरी येतात ती आईविना. संध्याकाळी साद घालून गोळा करणारे, पंखाखाली ऊब देणारे आणि चाहूल लागताच ओरडणारे त्यांना कोणी नसते. तलंग निदान फळीवर चढून बसते. अशा पिलांसोबत दाणा आणि लस यांची माहिती मिळते, पण खुराड्याच्या दाराविषयी सहसा कोणी बोलत नाही. ती उणीव भरून काढायला हवी.

खुराड्यात पहिला प्रश्न जाळीचा. बाजारात कोंबडी जाळी म्हणून मिळणारी षटकोनी तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. तिची तार बारीक असल्याने कुत्रा ती फाडतो आणि तिच्या घरांतून उंदीर ये-जा करतो. त्याऐवजी अर्ध्या इंचाची (सुमारे १२ मिलिमीटर) वेल्ड केलेली जाळी वापरावी. सापाची लहान पिले व चिचुंद्र्या यांच्यासाठी जाळीच्या खालच्या पट्ट्यात त्याहून बारीक जाळी चांगली. पिले जाळीला टेकून झोपतात आणि मांजर पंजा घालून त्यांना ओढते. म्हणून जमिनीपासून दीड फूट भिंत विटांची, फळ्यांची किंवा पत्र्याची असावी व जाळी तिच्या वर सुरू व्हावी. खुराडे जमिनीवर असेल तर जाळी फूटभर खाली गाडावी किंवा बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट आडवी पसरून वर माती-दगड टाकावेत. उकरणारा प्राणी नेहमी भिंतीच्या अगदी कडेशी उकरतो आणि त्या आडव्या जाळीवर अडतो. खांबांवर दोन-तीन फूट उंच बांधलेले खुराडे अधिक बरे, मात्र बांबूच्या पट्ट्यांमधल्या फटी पिलांच्या वयात झाकाव्या लागतात. दाराला नुसता दोरा किंवा टेकू पुरत नाही, कडी-कोयंडा हवा.

पिलांना ऊब देणाऱ्या ब्रूडरभोवती लावतात ते दीड फुटी गोल कडे म्हणजे संरक्षण, असा समज अनेकांचा असतो. त्या कड्याचे काम पिलांना उबेजवळ ठेवण्याचे आहे. ते गोल असते, कारण घाबरलेली पिले कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. बाहेर कुत्रा नुसता घुटमळला तरी अशी पिले दगावू शकतात. ब्रूडर ज्या खोलीत आहे तिची दारे-खिडक्या आणि मोरीचे भोक बंद हवे.

बंदिस्तपणाच्या नादात हवा कोंडू नये. पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते तीन अंशांनी उतरवतात. विदर्भातल्या मे महिन्यात मात्र चारही बाजूंनी पत्रा ठोकलेले खुराडे रानमांजराइतकेच घातक ठरते. छपराखाली जाळीचा पट्टा उघडा ठेवणे हाच मार्ग.

पिले आपणहून आत जायला शिकवावी लागतात. नव्या खुराड्यात काही दिवस सतत कोंडून ठेवल्यावर त्यांना ती जागा आपली वाटू लागते. मग रोज सूर्यास्तापूर्वी आत मूठभर दाणे टाकून एकच हाक द्यावी, पिले मोजावी आणि दार लावावे. पावसाळ्यात आभाळामुळे अंधार लवकर पडतो, तेव्हा घड्याळावर विसंबू नये. उरलेले खाद्य रात्री खुराड्यात ठेवू नये. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागून नाग येतो. खुराड्यात साप निघण्याचे मूळ अनेकदा असे दाण्यात असते. मानमोडी (राणीखेत) रोगाने मेलेले पक्षी उकिरड्यावर फेकल्यानेही कुत्री व कोल्हे घराकडे वळतात, म्हणून ते खोल पुरावेत.

विषारी आमिष किंवा विजेची उघडी तार हे उपाय नव्हेत. विषाने पाळीव जनावरे व मृतभक्षक पक्षी मरतात, तारेने माणसे. वाघाटी, रानमांजर, जवादी, अजगर या सर्वांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. खुराड्यात साप अडकल्यास पिले बाजूला घेऊन सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. एकदा यशस्वी झालेला शिकारी पुढच्या रात्रीही त्याच भोकाशी येण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे उरलेली पिले त्याच संध्याकाळी घरात हलवावी आणि भोक बुजवून, कडी तपासूनच परत नेऊन ठेवावी.