गोदावरीच्या मुखावरील फ्रेंच गांव

त्र्यंबकेश्वरीं उगम पावलेली गोदावरी १४६५ किलोमीटरांचा प्रवास संपवीत समुद्राजवळ पोंचते, तेथें तिच्या काठीं यानम नांवाचें एक लहान शहर आहे. गौतमी गोदावरीपासून कोरिंगाचा फांटा फुटतो, त्या ठिकाणीं तें वसलें आहे. मुलूख अवघा ३० चौरस किलोमीटरांचा, भोंवतीं सारा तेलुगु प्रदेश. परंतु १९५४ पर्यंत येथील सरकारी भाषा फ्रेंच होती.

फ्रेंचांनीं १७२३ त येथें वखार घातली. ती लवकरच उठली आणि १७३१ त पुन्हां बसली. त्यांना ओढ होती सुती कापडाची. सोलापुरांत मागाच्या आवाजाबरोबर तेलुगु बोली ऐकणाऱ्यांना यांत नवल वाटणार नाहीं. याच किनाऱ्यावरील मादापोल्लम् या खेड्याचें नांव युरोपांत एका जातीच्या कापडालाच पडलें होतें. १७५३ त बुसीनें निजामाकडून उत्तर सरकार हा प्रांत मिळविला. पानिपतावर मराठ्यांच्या तोफा चालविणारा इब्राहीमखान गारदी हा पूर्वीं याच बुसीच्या हाताखालीं तयार झालेला. पण १७५९ पर्यंत इंग्रजांनीं तो प्रांत हिरावला. पुढील युद्धांत यानमही अनेक वेळां हातचें गेलें; १८१४ च्या तहानें तें फ्रेंचांकडे परत आलें, परंतु तोंवर व्यापाराचा जोर ओसरला होता.

मग उरला तो कायद्याचा वेगळेपणा, आणि त्याचे परिणाम मोठे चमत्कारिक झाले. १८२८ त बोर्बों बेटावरील उंसाच्या मळ्यांसाठीं तेलुगु मजूर येथून नेण्यांत आले. त्या बेटावर तेव्हां गुलामगिरी चालूच होती. पुढें तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या काळांत फ्रेंच हिंदुस्थानचा प्रतिनिधि पॅरिसच्या कायदेमंडळांत बसूं लागला. मात्र हिंदूंच्या लग्नादि व्यवहारांत त्यांच्या रूढीच चालूं ठेवण्याचें फ्रेंचांचें धोरण होतें. इंग्रजी मुलखांत शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अंमलांत आला. चौदा वर्षांखालील मुलीचें लग्न लावणें हा तेथें गुन्हा ठरला. तेव्हां सीमेपलीकडचीं वऱ्हाडें यानमला लोटूं लागलीं आणि गांवाला 'कल्याणपुरम्', म्हणजे लग्नांचें गांव, हें नांव पडलें. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांच्या निशाणाखालीं अजाण मुलींना बोहल्यावर उभें करण्यांत आलें! सुधारकांनीं अर्धशतक झगडून मिळविलेला कायदा कांहीं कोसांवर निष्प्रभ होत होता. परधर्माचारांत ढवळाढवळ न करणें हें राज्यकर्त्याचें औदार्य असेल. त्या मुलींच्या वांट्याला मात्र त्यांतलें कांहींच आलें नाहीं.

फ्रेंच पोलिसांत नोकरी केलेले दडाला राफाएल रमणय्या यांच्या पुढारीपणाखालीं १३ जून १९५४ रोजीं यानम मुक्त झालें. प्रत्यक्ष कारभार १ नोव्हेंबर १९५४ ला भारताकडे आला, तर कायदेशीर हस्तांतर १६ ऑगस्ट १९६२ रोजीं पुरें झालें. २०११ च्या शिरगणतींत येथें ५५,६२६ लोक होते. गांव आंध्राच्या कुशींत असलें तरी त्याचा कारभार, सडकेनें ८०० किलोमीटरांहून दूर असलेल्या पुदुच्चेरीहूनच चालतो.