बरणीचं कूळ

भोरला आत्याच्या माळ्यावर पाच बरण्या आहेत. अक्षय्य तृतीया उलटली, बाजारात रायवळ कैऱ्या आल्या की त्या खाली उतरतात. स्वच्छ धुवायच्या, दोन दिवस कडक उन्हात वाळवायच्या, मग निखाऱ्यावर हिंगाची चिमूट टाकून त्यावर पालथ्या घालायच्या. धूर आत कोंडला की बरणी लोणच्याला तयार. गेल्या वर्षी हे धुरीचं काम माझ्याकडे आलं, आणि पालथ्या बरणीचं बूड मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

वरून ती सगळ्यांच्या ओळखीची: तोंडाकडे काळपट तपकिरी, खाली दुधी पांढरी. बुडाची कड मात्र बिनझिलईची, हाताला खरखरीत. तिथे मूळ माती उघडी पडते, करडी आणि दगडासारखी घट्ट. टिचकी मारली तर खणकन वाजली. शेजारच्या माठाला मारली तर नुसतंच भद्द.

"आत्या, चिनी माती म्हणजे नक्की कुठली गं?"

"चीनची. आणि ओला हात लावू नकोस तिला."

चीनची कशी असेल? आपल्याकडच्या अशा बरण्या सौराष्ट्रातल्या थानगढ, वांकानेर, मोरबीकडून येतात, नाहीतर उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याहून. शिवाय चीनने जगाला वेड लावलं ते पोर्सिलेन पातळ, पांढरंशुभ्र, उजेडासमोर धरलं तर अर्धपारदर्शक. ही आपली जाडजूड बाई स्टोनवेअर जातीची. आणि 'चिनी' हा शब्द तरी देशाचा कुठे उरलाय? देवगिरीवरच्या चिनी महालाचं नाव त्याच्या भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या झिलईच्या फरशांवरून पडलं. म्हणजे 'चिनी' म्हणजे चकाकणारं, झिलई चढवलेलं. आत्याची चूक मी मनातल्या मनात दुरुस्त केली आणि विषय संपवला.

तो संपला नाही, कारण त्याच आठवड्यात इब्न बतूता वाचत होतो. १३४५-४६च्या सुमारास हा मोरोक्कोचा प्रवासी समुद्रमार्गे चीनकडे निघाला होता. वाटेतल्या एका बंदरावरच्या राजकन्येने त्याला निरोपाच्या भेटी दिल्या. त्यांत कपडे होते, तांदूळ होता, म्हशी होत्या, मेंढ्या होत्या, आणि चार 'मर्तबान' होते. मर्तबान म्हणजे मोठे रांजण. त्यांत काय होतं? मिरी, लिंबं आणि आंबे, सगळं मिठात मुरवलेलं, समुद्रप्रवासासाठी करतात तसं.

मी पुस्तक मिटलं. पावणेसातशे वर्षांपूर्वी चीनच्या वाटेवरच्या जहाजात मिठातला आंबा, आणि तोही अशाच थोराड रांजणात! आत्या अगदीच चुकलेली नव्हती.

आता हा मर्तबान. मर्तबान हे ब्रह्मदेशातलं बंदर, आजचं मोत्तमा. तिथे रांजण भाजले जात, आणि दक्षिण चीनमधले रांजणही याच व्यापारात हिंडत. मालाला बंदराचं नाव चिकटलं. १५१६च्या सुमारास पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसा लिहितो की मर्तबानची काळ्या झिलईची भांडी मुसलमान व्यापारी फार मोलाची मानतात. शतकाच्या शेवटी डच लिन्शोटेन सांगतो की हिंदुस्थानात हे रांजण घरोघरी वापरतात आणि जहाजांवर लाकडी पिंपांच्या जागी ठेवतात. हिंदीत शब्द तसाच राहिला, मर्तबान. लोकांनी त्यालाही घरचं रूप दिलं, 'अमृतबान'. लोणच्याला अमृत म्हणणाऱ्या त्या अनामिक माणसाला माझा नमस्कार.

पण आपण मराठी माणसं मर्तबान म्हणत नाही, बरणी म्हणतो. ही बरणी आली कुठून?

पहिला दावा संस्कृताचा. 'भृ' धातू, भरण, त्यावरून भरणी. भरायची ती भरणी, तिची बरणी. दावा वजनदार आहे, कारण दक्षिण त्याच्या पाठीशी उभी आहे. कन्नडात भरणी, मल्याळमात भरणी. मल्याळी घरात तर लोणच्याच्या भांड्याला चक्क 'चीनभरणी' म्हणतात. प्रश्न मिटल्यासारखा वाटतो.

मला मात्र तो 'भ' टोचतो. मराठीत 'भरणे' हे क्रियापद रोज शंभरदा तोंडात येतं आणि त्याचा भ कधी ढळत नाही. आपण पाणी भरतो, फी भरतो, कान भरतो. घराची पायाभरणी करतो, 'पायाबरणी' नव्हे. मग ज्या भांड्याचं कामच भरून ठेवणं, त्याच्याच नावातला भ मराठीने का सोडावा? 'भरणी' हा शब्द हाताशी असता तर तो बिघडला नसता, उलट 'भरणे'च्या शेजारी राहून पक्का झाला असता.

दुसरा दावेदार अरबी आहे. अरबीत 'बर्निय्या' म्हणजे झिलईचं मातीचं भांडं, साठवणीचं. अरब हा शब्द पश्चिमेला घेऊन स्पेनपर्यंत गेले. तिथे तो 'अल्बोर्निया' होऊन आजही शब्दकोशात बसला आहे, अर्थ: झिलई चढवलेलं मातीचं मोठं पात्र. माझं म्हणणं असं की तोच शब्द पूर्वेला कोकणात उतरला आणि बरणी झाला. तसं असेल तर स्पेनमधल्या कुणा आजीचं भांडं आणि आत्याचं भांडं चुलत बहिणी ठरतात.

अरबी शब्द कोकणात यायला वाव होता का? भरपूर होता. अल्-मसूदी ९१६च्या सुमारास सैमूरला, म्हणजे चौलला, येऊन गेला. तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान राहताना दिसले, सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडून आलेले आणि इथेच जन्मलेले. एवढ्या घरांत भांड्यांना नावं असणारच, आणि शेजारणी भांड्यांबरोबर नावंही उसनी घेतात.

आता माझ्याच दाव्याची उलटतपासणी करतो. अरबी-फारसी 'न' मराठीत 'ण' कसा झाला? दुकान, मैदान, कमान, तुफान सगळे न सांभाळून आहेत. पण 'दीवान'चा आपण दिवाण केला आणि 'निशान'चं निशाण. म्हणजे वाट आहे, फक्त रुंद नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा: बोलीतल्या कन्नडात महाप्राण सर्रास गळतात, तमिळ लिपीत तर ते नाहीतच. भरणीची 'बरणी' घाटाच्या दक्षिणेलाच झाली आणि तशीच मराठीत चढली, असं कुणी म्हटलं तर मला गप्प बसावं लागेल. तरीही गप्प बसण्यापूर्वी एक विचारतो. परक्या 'बर्निय्या'ला दक्षिणेतल्या पंडितांनी संस्कृत अंगरखा चढवून 'भरणी' केलं नसेल कशावरून? मर्तबानचा अमृतबान होतो, तर हेही होऊ शकतं. माझं मत अरबीकडे. कुळकथा लिहिणाऱ्याला एवढा पक्षपात माफ असतो.

शब्द अरबांचा आणि रांजण चिन्यांचा, हा मेळ नुसता कल्पनेतला नाही. १९९८मध्ये इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ एक बुडालेलं जहाज सापडलं. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, दोरांनी शिवलेल्या होत्या, म्हणजे बांधणी अरबी समुद्राकडची. पोटात चिनी माल, साठ हजारांच्या आसपास भांडी. एका वाडग्यावर कोरलेली तिथी निघाली ती इ.स. ८२६ची. बहुतेक वाडगे हूनान प्रांतातल्या छांगशा इथले, तपकिरी-हिरव्या झिलईचे, वर पक्षी, फुलं, ढग झपाट्याने रंगवलेले. आज हा ठेवा सिंगापूरच्या आशियाई संस्कृती संग्रहालयात आहे.

या छांगशाच्या भट्ट्यांची खरी गंमत कवितेत आहे. तिथले कुंभार सुरयांवर, वाडग्यांवर, झिलईच्या खाली कविता लिहीत. शंभराहून अधिक कविता त्या भट्ट्यांच्या परिसरातल्या भांड्यांवर मिळाल्या: दारूच्या, विरहाच्या, परगावच्या व्यापाऱ्याच्या. एका सुरईवर वयाच्या अंतराने हुकलेल्या प्रेमाची कविता आहे. तो थांग राजवंशाचा काळ, चिनी कवितेचं सुवर्णयुग. दू फू याने दायीच्या पांढऱ्या वाडग्याची मागणी कवितेतूनच केली होती. लू क्वेइमंगने हिरव्या झिलईच्या भांड्यांवर कविता रचली. पण ते नावाजलेले कवी. थांग कवितांचा मोठा संग्रह अठराव्या शतकाच्या आरंभी बादशाही हुकमाने तयार झाला, त्यात जवळजवळ ४९,००० कविता आहेत, आणि कुंभारांच्या बहुतेक कविता त्यात नाहीत. त्या जगल्या फक्त मातीवर.

आणि ते वाडगे जहाजात रचले कशात होते? मोठ्या रांजणांत. दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंगचे जाड, हिरवट झिलईचे रांजण. आत शंभराच्या वर वाडगे एकात एक, गोलगोल फिरत वर चढवलेले. कलावस्तू आत, आणि बाहेर खोका म्हणून बरणीची पणजी!

या कुळकथेतलं मला आवडलेलं सत्य हेच. पोर्सिलेन राजवाड्यांत गेलं, कविता बुडाल्या नाहीतर भट्टीच्या ढिगात पडून राहिल्या. सामान्य घरांच्या फळीवर येऊन बसला तो खोका. चीनची कला आपल्या खेड्यांत पोचली नाही. कला ज्यात बांधून येत होती ते पोचलं, आणि त्यात आपण आपली कैरी भरली.

जपानात याच जातीच्या भांड्याचं नशीब वेगळं निघालं. तेराव्या-चौदाव्या शतकात दक्षिण चीनमध्ये घडलेला एक साधा साठवणीचा रांजण तिथे चहाची पानं ठेवायला गेला. चहाच्या रसिकांनी त्याला 'चिगुसा' असं काव्यातलं नाव दिलं आणि त्याच्या अंगाखांद्याची वर्णनं वह्यांत लिहून ठेवली. २००९मध्ये तो वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलादालनात पोचला. त्याच्या तोंडावर बांधायला जरीचं चिनी रेशीम आहे, वर निळे रेशमी गोफ. वाचलं आणि मला आत्याचा दादरा आठवला: जुन्या धोतराचा धुवट चौकोन, बरणीच्या गळ्याशी सुतळीने आवळलेला. चिगुसाचा तो दादराच की!

रांजण टिकला तो दिसण्यामुळे नाही, भाजण्यामुळे. साधं मडकं हजार अंशांच्या आत भाजतं, त्याची भोकं उघडी राहतात. म्हणून माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. स्टोनवेअर बाराशे अंशांच्या पुढे जातं, तिथे माती वितळायला लागून दगडासारखी सांधते. मीठ, आंबट, तेल, कशाचंच तिच्यापुढे काही चालत नाही. तांब्या-पितळेत खार कळकतो, कल्हई किती दिवस पुरणार? चिनी लोकही अशाच भांड्यांत भाज्या मुरवतात. सेच्वानच्या बरणीला गळ्याभोवती पन्हळ असते, तीत पाणी भरून वर वाडगा पालथा घालतात, म्हणजे हवा बाहेर जाते पण आत येत नाही. आपण पन्हळ घेतली नाही. आपण वर बोटभर तेल ठेवलं आणि दादरा बांधला.

मग तो दुरंगी अंगरखा? तो बहुधा चिनी नव्हे, इंग्रजी आहे. १८३५च्या सुमारास ब्रिस्टलच्या विल्यम पॉवेलने स्टोनवेअरसाठी नवी गुळगुळीत झिलई काढली. मग इंग्लंडभर दारूच्या, जिंजर बिअरच्या बाटल्या आणि साठवणीच्या बरण्या दुरंगी होऊ लागल्या: भांडं उलटं धरून तोंडाकडचा भाग तपकिरी झिलईत बुडवायचा, बाकीचा फिक्या झिलईत. ब्रिटिश अमलात आपल्याकडे कारखाने निघाले तेव्हा हाच नमुना उचलला गेला असणार. म्हणजे देह चिनी, नाव (माझ्या मते) अरबी, कपडे इंग्रजी, आणि पोटात मोहरी-मेथी.

भोरला ती आली वरंधा घाटाने, हा माझा पक्का अंदाज. सावित्रीच्या मुखावर बाणकोट, खाडीतून आत महाड, तिथून बिरवाडीवरून घाट चढला की हिरडोशीचं खोरं आणि पुढे नीरेकाठी भोर. वेल्ह्याकडे मढे घाटासारख्या पायवाटा. मीठ, नारळ, सुकी मासळी याच वाटांनी बैलांच्या पाठीवर वर आली. घाट चढताना रिकामं भांडं कोण नेतं? पहिली बरणी वर आली ती कशानेतरी भरलेलीच आली असेल, आणि आतलं संपल्यावर कुण्या शहाण्या बाईने ती टाकली नसेल.

हे सगळं मी आत्याला ऐकवलं. इब्न बतूता, शिवलेलं जहाज, बर्निय्या, अल्बोर्निया. ती फोडींना हळद-मीठ चोळत होती. पायाभरणीच्या मुद्द्यावर तर मी खास थांबलो.

"अरे, भरायची म्हणून बरणी," ती म्हणाली. "त्यात एवढं काय?"

मी वाद घातला नाही. दक्षिणेतल्या ज्या पंडितांवर मी आळ घेतला, ते पंडित नसतीलही. भांडं पुढ्यात घेऊन बसलेल्या अशाच कुणा बाईने चालत्या हाताने त्या परक्या शब्दात भरणं ऐकलं असेल. नाहीतर आत्याचंच बरोबर असेल. तिने फोडी ओतल्या, बरणी गळ्यापर्यंत भरली, आणि दादरा माझ्या हातात दिला.