नीलेतील गुठळी आणि यंत्राची हद्द

खुब्याचे हाड मोडून वृद्ध मनुष्य अंथरुणास खिळला की, त्याच्या पायांतील खोल नीलांत रक्त साकळण्याचा धोका बळावतो. गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर मृत्यू ओढवतो. पायातील गुठळी व फुप्फुसातील अडथळा यांचा हा संबंध जर्मन विकृतिशास्त्रज्ञ व्हिर्कोव्ह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिला होता. तथापि हा विकार मुख्यतः पाश्चात्त्यांचा, असा ग्रह भारतीय वैद्यकात दीर्घकाळ टिकून राहिला. त्याचे मूळ निदानपद्धतीत होते. पाऊल वर वाकवले असता पोटरी दुखते काय, ही होमन्स यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली खूण फसवी आहे. पुष्कळ गुठळ्या वेदनेवाचून वाढतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील अस्थिशल्यज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पायाची मोठी शस्त्रक्रिया होऊनही प्रतिबंधक औषध न मिळालेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत गुठळ्या आढळल्या, तेव्हा या ग्रहाला मोठा धक्का बसला.

प्रतिबंधाचे उपाय परिचित आहेत: लवकर चालवणे, घट्ट मोजे, हेपॅरिनची अल्प मात्रा. परंतु गुठळी झाल्याचा संशय आल्यावर द्यावयाची पूर्ण मात्रा मूत्रपिंडे क्षीण झालेल्या वृद्धास केवळ अदमासाने देणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. निदान हवेच, आणि ते सोनोग्राफीने सुकर केले. निरोगी नीला दाबताच मिटते, गुठळी असलेली मिटत नाही. लहान यंत्राने ही परीक्षा रुग्णाच्या उशाशीही करता येते.

महाराष्ट्रात मात्र या यंत्राचा इतिहास निराळ्याच वाटेने गेला. स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध देशातील पहिला कायदा याच राज्याने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ मध्ये झाला. त्यांची निकड खरी होती: २००१ ते २०११ या दशकात राज्यातील दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण ९१३ वरून ८९४ वर उतरले. २०१२ च्या केंद्रीय नियमाने सुवाह्य यंत्र नोंदणीकृत संस्थेच्या आवारातील आंतररुग्णांपुरते, किंवा इतर सेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकापुरते मर्यादित केले. नियम करताना डोळ्यांसमोर गर्भवती होती. अंथरुणास खिळलेला वृद्ध नव्हता.

या मर्यादेची झळ उपनगरांत विशेष जाणवते. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील कित्येक जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. पोटरी सुजलेल्या वृद्धास खुर्चीत बसवून जिन्याने उतरवावे, तेव्हा सोनोग्राफी केंद्र गाठता येते; आणि पुष्कळ कुटुंबे, पाय उद्या उतरेल, या आशेवर ती खुर्ची काढतच नाहीत.