एकल वादनातला न दिसणारा माणूस

शास्त्रीय संगीताच्या मैफलीत मध्यभागी बसून श्रोत्यांना जिंकणाऱ्या एकल कलावंताची प्रतिभा, रियाज, गुरुपरंपरा यांवर ग्रंथ निघतात. पण तो ज्या वाद्यावर हात ठेवतो ते कोणी घडवले, असे विचारले की सभागृह गप्प होते. या गप्प बसण्यालाही जात आहे.

तामिळनाडूचे उदाहरण घेऊ. कर्नाटक संगीतात साथ करणाऱ्या मृदंगवादकाला मैफलीत काही वेळ स्वतंत्र वादनासाठी मिळतो. त्याला ‘तनि आवर्तनम्’ म्हणतात. तमिळमध्ये ‘तनि’ म्हणजे एकटा. पालघाट मणि अय्यर (१९१२–१९८१) हे या वादनातले फार मोठे नाव. मद्रासच्या म्युझिक अकॅडमीचा ‘संगीत कलानिधी’ हा मान १९६६ साली त्यांना मिळाला. तोवर तो कुठल्याही मृदंगवादकाला मिळाला नव्हता.

मृदंगाचे खोड फणसाच्या लाकडाचे, पण नाद निघतो तो कातड्यातून. गाय, म्हैस आणि बकरी, तिन्हींचे कातडे त्यात लागते. ते निवडायचे, साफ करायचे, थरावर थर चढवायचे, वादीने आवळायचे, शाई भरायची आणि शेवटी सुरात आणायचे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांत तंजावरकडची दलित ख्रिस्ती कुटुंबे आघाडीवर आहेत. मणि अय्यरांचे मृदंग घडवणारे परलांदु हे त्यांपैकीच. अय्यरांना हवा असलेला नाद कातड्यातून काढणारा कान आणि हात परलांदुंचा होता. तरीही ‘तनि’ एकट्या अय्यरांची!

आता ढोंग पाहा. परै हे चामड्याचेच वाद्य. ते अंत्ययात्रेत वाजते म्हणून अशुभ, आणि ते वाजवणारा परैयर अस्पृश्य. मृदंग मात्र देववाद्य! गाईच्या कातड्याला शिवणारे हात विटाळलेले, आणि त्याच कातड्यावर थाप मारणारे हात पवित्र. कातडे तेच, बदलली ती फक्त जात.

कोणी म्हणेल, वाद्य बनवणे ही कारागिरी आणि वाजवणे ही कला. मग इटलीतल्या क्रेमोना गावच्या स्त्रादिव्हारीचे नाव सुमारे तीनशे वर्षांनंतरही त्याने बनवलेल्या व्हायोलिनसोबत का घेतले जाते? तिथे घडवणारा उस्ताद ठरतो, आपल्याकडे तो मागच्या दाराने येतो. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची उतरंडीने केलेली विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या ग्रंथात दाखवून दिले. मैफलीचा मंच हे त्या उतरंडीचेच चित्र आहे.

गायक टी. एम. कृष्णा यांनी या मृदंगकारांचा इतिहास ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ या पुस्तकात मांडला. २०२० साली त्याचे प्रकाशन चेन्नईच्या कलाक्षेत्र या केंद्र सरकारच्या संस्थेच्या सभागृहात व्हायचे होते. संस्थेने ऐनवेळी परवानगी काढून घेतली आणि कार्यक्रम दुसरीकडे करावा लागला. मृदंग मंचावर चालतो, मृदंगकाराचा इतिहास चालत नाही! आणि हेही विसरू नका की ही गोष्ट देशभर चर्चेत यायला एका ब्राह्मण गायकाची लेखणी लागली. घडवणाऱ्यांचा इतिहास त्यांच्याच लेकरांनी लिहावा, अशी सोय या व्यवस्थेने ठेवलेली नाही.

मित्रांनो, हा प्रश्न तामिळनाडूपुरता नाही. आपल्या गावात तबल्याची पुडी कोण मढवतो, हलगी कोण बांधतो, ढोलकीची वादी कोण ओढतो, हे विचारा. त्यांची नावे, त्यांचे कसब, त्यांना मिळणारी मजुरी लिहून काढा. कार्यक्रमपत्रिकेवर वाद्य घडवणाऱ्याचे नाव छापा, ही मागणी आयोजकांकडे करा. त्यांच्या मुलांना कातडे कमावण्याचीच सक्ती नको. वाद्य शिकण्याची, मंचाच्या मध्यभागी बसण्याची संधी हवी. मंचावर एकटा दिसणारा कलावंत कधीच एकटा नसतो. त्याच्यामागे कोण उभे आहे, ते आता आपणच सांगायचे आहे.

जय भीम!